बीदरचे बंदर
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



युरोपच्या प्रवासवर्णनांत बंदराच्या गावांना नेहमीच मानाचे पान मिळत आले आहे. फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. त्याच्या किनाऱ्यावरील सँ मालो हे गाव त्यांपैकीच एक. दगडी तटबंदीने वेढलेले हे गाव जणू समुद्रात पाय सोडून बसलेले आहे. तटावरून चालत गावाला प्रदक्षिणा घालावी, एका बाजूस उंच घरांच्या ओळी आणि दुसऱ्या बाजूस भरती-ओहोटीचा प्रचंड खेळ पाहावा, ओहोटी लागली की पायी चालत समोरच्या खडकाळ बेटावर जावे आणि तेथे शातोब्रियाँ या लेखकाच्या समाधीपाशी क्षणभर उभे राहावे, असा तेथील पाहुण्याचा परिपाठ आहे. १५३४ साली कॅनडाच्या किनाऱ्याकडे गेलेला जाक कार्तिए याच गावचा. आणि १७४६ साली इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेणारा ला बूर्दोने हाही इथलाच. १९४४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्धाच्या आगीत तटाच्या आतील गावाचा बहुतांश भाग बेचिराख झाला. पुढे गावकऱ्यांनी ते जुन्या रूपाशी इमान राखून पुन्हा उभे केले. आज तेथे जाणाऱ्या पाहुण्याला हे मुद्दाम सांगावे लागते. पाहून ते कळत नाही.

असे गाव पाहून आलेल्या किंवा त्याचे वर्णन वाचलेल्या माणसाला बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात बसून वाटावे की, आपल्याकडे यातले काय आहे? समुद्र तर शेकडो कोस दूर. येथे आहे ती लाल जांभ्या दगडाची पठारी भूमी, ज्वारी-तुरीची शेते आणि उन्हाळ्यात तापणारे आभाळ. पण इतिहासाचे पान जरा उलटून पाहिले तर एक नवल दिसते. बीदरला समुद्र नव्हता, तरी बीदरला बंदर होते. ते बंदर म्हणजे कोकणातील दाभोळ. आणि बीदरमध्ये आज पाहुण्याला जे जे दाखवले जाते, त्यातील कितीतरी गोष्टींचा उगम त्या बंदरावर उतरलेल्या माणसांत आणि मालात आहे.

दाभोळ हे वाशिष्ठी नदीच्या मुखावरचे गाव, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात. खाडीचे शांत पाणी, मागे सह्याद्रीचे कडे आणि त्या कड्यांतून देशावर चढणारे घाट, अशी त्याची नैसर्गिक ठेवण. अलाउद्दीन हसन बहमनशाह याने १३४७ साली बहमनी राज्याची स्थापना केली आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, ही त्याची राजधानी झाली. पुढे अहमदशाह वली (१४२२–१४३६) याच्या कारकिर्दीत राजधानी बीदरला आली. राजधानी पठारावर असली तरी राज्याचा श्वास किनाऱ्यावर होता. याचे एक मोठे कारण घोडा. दख्खनच्या हवेत उत्तम लढाऊ घोड्यांची पैदास होत नसे. घोडदळाशिवाय तर राज्य टिकत नसे. म्हणून अरबस्तान आणि इराणमधून जहाजांत घालून घोडे आणावे लागत. ते चौल आणि दाभोळ येथे उतरत, घाट चढत आणि मजल-दरमजल करीत बीदरच्या बाजारात येऊन पोहोचत. त्याच वाटेने कवी, कारागीर, सूफी साधू, वैद्य, सैनिक आणि सावकारही येत. उलट दिशेने दख्खनचे कापड आणि इतर जिन्नस किनाऱ्याकडे उतरत.

या वाटेवरच्या एका पाहुण्याने स्वतःची टिपणे मागे ठेवली आहेत. अफानासी निकितिन हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गा नदीवरून दक्षिणेकडे जात असताना आस्त्राखानजवळ त्याला लुटारूंनी गाठले. लुटीत माल गेला, आणि मायदेशाहून बरोबर घेतलेली पुस्तकेही गेली. ओर्मुझहून एक घोडा घेऊन तो जहाजाने निघाला आणि १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ साली. म्हणजे हा रशियन त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आला होता. चौलला त्याच्या गोऱ्या कातडीचे लोकांना इतके कौतुक वाटले की, ते त्याच्या मागून चालत. तेथून तो जुन्नरला गेला. तेथील अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देईन, असे बजावले. एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली, तेव्हा त्याची सुटका झाली आणि घोडाही परत मिळाला. पावसाळा संपल्यावर तो बीदरला पोहोचला आणि पुढे तेथे त्याने तो घोडा विकला.

निकितिनने पाहिलेले बीदर दोन रंगांचे आहे. सुलतानाच्या महालाला सात दरवाजे, त्या प्रत्येकावर पहारेकरी आणि आत-बाहेर जाणाऱ्याची नोंद करणारे लेखनिक. चांदीच्या पालख्यांतून मिरवणारे सरदार, त्यांच्यापुढे सजवलेले घोडे, मागेपुढे वाजंत्री. आणि त्याच नोंदींत तो सांगतो की, खेड्यापाड्यांतील रयत फार गरीब आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदच्या जत्रेचेही त्याने वर्णन केले आहे. तेथील दर्ग्याच्या निमित्ताने भरणाऱ्या बाजारात हजारो घोडे विकायला येत, अशी त्याची नोंद आहे. सीमाभागातील वाचकाने ही नोंद वाचताना थोडे थांबावे असे तिचे मोल आहे. कारण पंधराव्या शतकातील आळंद एका दूरदेशीच्या माणसाच्या लेखणीतून येथे दिसते.

दाभोळबद्दल तो लिहितो की, हे फार मोठे बंदर आहे, येथे मिसर, अरबस्तान, खुरासान अशा मुलखांतून घोडे येतात आणि येथून बीदर-गुलबर्ग्याला जमिनीवरून जायला महिना लागतो. एक महिन्याची पायवाट! बीदर आणि बीदरचे बंदर यांच्यामधले अंतर त्याने कोसांत मोजले नाही, दिवसांत मोजले. परतताना त्याने जहाज धरले ते दाभोळलाच. मायदेशी पोहोचण्याआधी स्मोलेन्स्कजवळ त्याचा अंत झाला. त्याची टिपणे मात्र पोहोचली. पुढे १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या सहभागाने 'परदेसी' हा भारत-सोव्हिएत चित्रपट याच प्रवासावर निघाला, हे जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल.

या टिपणांतील एक तपशील ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून आवर्जून सांगावा असा आहे. पुस्तके लुटली गेल्यामुळे निकितिनला आपल्या धर्माचे सण कोणत्या दिवशी येतात हेच कळेना. ईस्टर केव्हा, उपवास केव्हा, याचा तो नुसता अंदाज बांधीत राहिला आणि त्याची खंत त्याने वारंवार लिहून ठेवली. घोडा गेला तो परत मिळाला. पुस्तके गेली ती परत मिळाली नाहीत. माणूस परमुलखात एकटा पडतो तेव्हा पुस्तक हे त्याचे घर असते, ही गोष्ट बीदरच्या बाजारात उभ्या असलेल्या त्या व्यापाऱ्याइतकी क्वचितच कोणाला उमगली असेल.

निकितिनच्या टिपणांत 'मलिक-उत्-तुज्जार' या नावाने एका बलाढ्य वजिराचा उल्लेख येतो. समुद्रावर लूटमार करणारी दोन गावे त्याने जिंकून घेतली, असे निकितिनने ऐकले होते. हा वजीर म्हणजेच ख्वाजा महमूद गावान. हाही मुळात दाभोळला उतरलेला पाहुणाच. इराणच्या गिलान प्रांतातील एका प्रतिष्ठित घराण्यात तो जन्मला. तेथील राजकारणाला कंटाळून त्याने व्यापार पत्करला आणि १४५३ च्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर, तो दाभोळच्या धक्क्यावर उतरला. बीदरला जावे, तेथील विद्वानांना भेटावे आणि पुढे दिल्लीकडे निघावे, असा त्याचा विचार होता. बीदरने त्याला पुढे जाऊ दिले नाही. हुमायूनशाहाच्या काळात त्याला 'मलिक-उत्-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब मिळाला. त्यानंतर निजामशाह आणि तिसरा मुहम्मदशाह या दोन अल्पवयीन सुलतानांच्या काळात राज्याचा भार त्याच्याच खांद्यावर आला.

बंदराचे मोल व्यापाऱ्याइतके कोणाला कळणार? संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे पुढचा विशाळगड, येथील सत्ताधीशांची जहाजे किनाऱ्यावर उपद्रव देत होती. गावानने १४६९ ते १४७२ या काळात कोकणात दीर्घ मोहीम चालवली, ते किल्ले घेतले आणि १४७२ साली गोवा जिंकले. राज्याच्या मोठ्या सुभ्यांचे विभाजन, किल्ल्यांवरील सुभेदारांच्या अधिकारांना मर्यादा, जमिनीची मोजणी अशा सुधारणाही त्याने केल्या. ज्यांचे हितसंबंध दुखावले ते त्याचे शत्रू झाले. पण याच १४७२ साली त्याने बीदरमध्ये आणखी एक काम पुरे केले, आणि आज त्याचे नाव राहिले आहे ते त्या कामामुळे. ते काम म्हणजे त्याचा मदरसा.

आता पाहुण्याबरोबर थोडे बीदरमधून हिंडावे. शहराच्या मध्यभागी चौबारा नावाचा उंच गोल बुरूज आहे. त्याच्यावरून पूर्वी चारी दिशांचा पहारा होत असे. तेथून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही पावले गेले की उजव्या-डाव्या घरांच्या रांगेतून एकदम एक भव्य निळसर-हिरवी भिंत पुढे येते. हाच तो मदरसा. तीन मजली इमारत, मध्ये चौक, चौकाच्या चारी अंगांना व्याख्यानाची दालने आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या, दर्शनी बाजूला दोन टोकांना दोन मिनार, आणि सारे दर्शन इराणी पद्धतीच्या रंगीत चिनी फरशांनी मढवलेले. समरकंद-खुरासानातील विद्यापीठांची आठवण करून देणारी अशी वास्तू दख्खनमध्ये दुसरी नाही. येथे दूरदूरचे विद्वान शिकवीत, विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय होती, आणि येथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगितले जाते. छापखान्यापूर्वीच्या काळात तीन हजार ग्रंथ म्हणजे तीन हजार वेळा कोणीतरी बैठक मारून, बोरू झिजवून, पानामागून पान उतरवलेली संपत्ती.

आज मात्र पाहुण्याला या वास्तूची अर्धीच बाजू दिसते. उत्तरेकडचा एक मिनार उभा आहे, दक्षिणेकडचा नाही. दर्शनी भिंत मध्येच तुटून संपते. औरंगजेबाने सतराव्या शतकाच्या मध्यास बीदर घेतल्यानंतर या इमारतीत लष्कराचा मुक्काम पडला आणि काही खोल्यांत दारूगोळा साठवला गेला. शतक संपता संपता, १६९६ च्या सुमारास, त्याचा स्फोट झाला आणि दक्षिण-पूर्वेकडील भाग उडून गेला. वीज पडून हे घडले असेही म्हणतात. वीज पडली असो वा ठिणगी, प्रश्न तिचा नाही. ज्या खोल्यांत ग्रंथ ठेवायचे त्या खोल्यांत दारू ठेवली गेली, त्या दिवशीच ती भिंत निम्मी कोसळली होती. आवाज तेवढा नंतर झाला.

तेथून पुढे किल्ला. खडक फोडून काढलेला तिहेरी खंदक, त्यावरील पूल, वाघांची शिल्पे असलेला १५०३ सालचा शर्झा दरवाजा आणि मग भव्य गुंबद दरवाजा. आत रंगीन महालातील लाकडी कोरीव खांब आणि काळ्या दगडात शिंपल्यांची जडणघडण. बरीदशाही काळातील ही कारागिरी समुद्राच्या पोटातील वस्तू पठारावर कशी चमकते ते दाखवते. १४२३-२४ मधील सोळा खांबी मशीद, तख्त महाल, गगन महाल, आणि जुन्या शाही हमामात मांडलेले वस्तुसंग्रहालय, हे सारे पाहायला एक दिवस अपुराच पडतो. गावाबाहेर पूर्वेला अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. त्यांतील हुमायूनशाहाची कबर वीज पडून उभी चिरली गेली आहे आणि चिरलेल्या घुमटाचा आडवा छेद उघडा पडल्याने बांधकामाची विद्या जणू पुस्तकासारखी वाचता येते. अहमदशाह वलीच्या कबरीच्या आतील भिंती आणि घुमट सोनेरी-तांबड्या रंगांच्या लेखनाने आणि वेलबुट्टीने भरलेले आहेत. आत अंधार असल्याने तेथील सेवक दारात आरसा धरतो आणि उन्हाचा कवडसा छतावर फिरवून एकेक ओळ उजळून दाखवतो. या सुलतानाला मुसलमान वली मानतात, तर लिंगायत समाजातील भाविक अल्लमप्रभूंचे रूप मानतात. त्याचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे होळीनंतर भरतो आणि त्यात जंगमाला मान असतो.

बीदरचे पाणीही पाहण्यासारखे आहे. नौबादजवळ इराणी पद्धतीची भूमिगत करेज आहे. खडकात खोदलेला बोगदा आणि त्यावर ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे. ही विद्याही त्याच वाटेने आली असावी, ज्या वाटेने घोडे आले. २०१४ साली बीदरच्या ऐतिहासिक शहराचे नाव जागतिक स्मारक निधीच्या दक्षता यादीत आले आणि त्यानंतरच्या वर्षांत करेजमधील गाळ काढण्याचे काम झाले. झरणी नरसिंहाच्या गुहेत छातीइतक्या पाण्यातून चालत देवदर्शनाला जावे लागते. नानक झिरा येथे गुरू नानकांच्या कृपेने गोड्या पाण्याचा झरा फुटला अशी शीखांची श्रद्धा आहे; खालसा पंथाच्या पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे बीदरचेच. म्हणून नांदेडला येणारा यात्रेकरू बहुधा बीदरलाही येतो. आणि बीदरहून जाताना पाहुणा जी वस्तू हमखास नेतो ती बिदरी कामाची. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर छिन्नीने कोरलेली नक्षी, त्या खाचांत ठोकून बसवलेली चांदीची तार किंवा पत्रा, आणि शेवटी किल्ल्यातील विशिष्ट मातीच्या द्रावणात उकळून आणलेला गर्द काळा रंग. ती माती भांड्याला काळे करते, चांदीला नाही. म्हणून नक्षी उजळते. २००६ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ साली बीदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

इतके सारे असूनही मराठी माणसाच्या मनातील बीदर या साऱ्याच्या आधीचे आहे. 'बेदरचा बादशाह' हे शब्द त्याने लहानपणी कीर्तनात ऐकलेले असतात. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे या बादशाहाचे कामगार. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे उपाशी रयतेसाठी उघडली. बादशाहाने त्यांना धरून आणण्याचा हुकूम केला. दामाजीपंत बीदरच्या वाटेला लागले. आणि परंपरा सांगते की, ते पोहोचण्यापूर्वीच पंढरीचा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात आला, त्याने धान्याची सारी रक्कम मोजून दिली आणि पावती घेतली. ती पावती दामाजीपंतांना त्यांच्या पोथीत सापडली. महिपतींच्या 'भक्तविजया'ने ही कथा घराघरांत पोहोचवली.

याच बीदरशी दुसऱ्याही एका कागदाची कथा निगडित आहे; आणि ती इतिहासातील आहे. गावानचे शत्रू त्याच्या एका विश्वासू चिटणिसाशी सलगी करून बसले. त्याला मद्य पाजून त्याच्याकडून एका कोऱ्या कागदावर वजिराची मोहर उमटवून घेतली गेली. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचे पत्र लिहिले गेले आणि योग्य वेळ पाहून ते सुलतानापुढे ठेवले गेले. सुलतान मुहम्मदशाह तेव्हा आंध्रातील कोंडापल्लीच्या मुक्कामी होता आणि मद्याच्या अमलाखाली होता. गावानला बोलावून त्याने पत्र दाखवले. मोहर माझी आहे, पण मजकूर माझा नाही, अशा अर्थाचे उत्तर त्या वृद्ध वजिराने दिले. पुढची चौकशी झाली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी तेथेच त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा खजिना तपासला तेव्हा फारसे काही निघाले नाही. फिरिश्ता सांगतो की, हा माणूस स्वतःचा निर्वाह मायदेशाहून आणलेल्या भांडवलाच्या व्यापारातील नफ्यावर करीत असे, मातीच्या भांड्यांत त्याचे अन्न शिजे आणि तो चटईवर झोपे. सुलतान पश्चात्तापाने खंगला आणि वर्षभरातच वारला. बीदरजवळ गोरनळ्ळीच्या शिवारात गावानची साधी कबर आहे. अष्टूरला थांबणाऱ्या गाड्या तिकडे वळत नाहीत.

एका कागदाने बीदरच्या दरबारात एक निरपराध माणूस वाचवला. दुसऱ्या कागदाने दुसरा निरपराध माणूस मारला. पहिली कथा श्रद्धेची आहे, दुसरी इतिहासाची. पण दोहोंतून निघणारा प्रश्न एकच आहे, आणि तो वाचकाचा प्रश्न आहे. समोर आलेला कागद कोणी लिहिला, कोणत्या हेतूने लिहिला, आणि खालची मोहर खरी असली म्हणून वरचा मजकूर खरा ठरतो काय? तीन हजार ग्रंथांचे दालन ज्याने उभारले त्याच्या नशिबी असा सुलतान आला की, ज्याला एक पत्र नीट वाचता आले नाही. अक्षरओळख त्याला होती. वाचण्याचा धीर नव्हता. ग्रंथालयाचे काम पुस्तक हाती देऊन संपत नाही. हा धीर समाजाच्या अंगी बाणवणे हे त्याचे खरे काम आहे.

गावाननंतर दहा-पंधरा वर्षांतच राज्य फुटू लागले. विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडा अशा शाह्या उभ्या राहिल्या आणि बीदर बरीदांच्या हाती गेले. दाभोळ विजापूरकरांकडे गेले आणि बीदरचे बंदर सुटले. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज विजरई आल्मेदा याने दाभोळवर हल्ला करून ते जाळले. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांनी घेतले आणि समुद्राची सूत्रे परक्यांकडे गेली. १६१९ साली बीदर विजापूरने गिळले. ज्या शहराचे समुद्राशी नाते तुटले त्याच्याकडे नवे विचार आणि नवी माणसे येणेही हळूहळू आटले. आज दाभोळला जाणाऱ्या प्रवाशाला खाडी ओलांडून देणारी फेरीबोट, सतराव्या शतकातील घुमटाची देखणी मशीद आणि गुहेतील चंडिका देवीचे स्थान दिसते. ही खाडी एके काळी बीदरचे दार होती, हे तेथे फारसे कोणाला ठाऊक नसते. आणि आपले दार कोठे होते हे बीदरलाही फारसे आठवत नाही.

याच भागात मराठीचेही असेच झाले. बीदरच्या राजघराण्यातील असल्याचे परंपरा सांगते असा शाह मुंतोजी, ज्याला मृत्युंजय स्वामी म्हणून वारकरी आणि लिंगायत दोघेही ओळखतात, तो कल्याणजवळ राहून मराठीत ग्रंथरचना करीत होता. त्याच्या 'सिद्धसंकेत प्रबंधा'चे नाव वाङ्मयेतिहासात आदराने घेतले जाते. पुढे १९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्याचे तालुके महाराष्ट्राच्या बाजूस गेले आणि बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद ही गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिली. नकाशावरची रेघ एका दिवसात आखली गेली. बाजार, सोयरिकी, यात्रा आणि भाषा त्या रेघेने थांबल्या नाहीत. घरात मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दख्खनी उर्दू, पलीकडच्या गल्लीत तेलुगू, अशी या भागाची रोजची बोलणी. अशा ठिकाणी चाललेले मराठी ग्रंथालय हे मराठीचे छोटे बंदरच होय. मुख्य भूमीपासून दूर असलेल्या वाचकासाठी मराठीचा माल तेथे उतरतो. आणि नीट चालवले तर येथला माल, म्हणजे शरणांची वचने, सूफींची वाणी, सीमाभागाचे अनुभव, तेथूनच मराठी मुलखाकडे रवानाही होऊ शकतो. बंदर दोन्ही दिशांनी चालावे लागते. नुसती आयात करणारे बंदर फार काळ टिकत नाही.

सँ मालो गाव पुन्हा बांधता आले, कारण त्याच गावचे दगड तेथेच पडले होते, नकाशे जपलेले होते आणि पुन्हा बांधायचे हा निर्धार गावाने केला होता. गावानच्या मदरशाची गेलेली बाजू तशी पुन्हा उभी करता येणार नाही, आणि करूही नये. त्या तुटलेल्या कडेतच तिचा धडा आहे. जे पुन्हा उभे करता येते ते आतले. २०१७ साली बीदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्यापासून दोन्ही शहरांतील प्रवास सोपा झाला आहे. उदगीरची किंवा सोलापूरची मुले सहलीला येऊन एका दिवसात किल्ला पाहून जाऊ शकतात. त्यांनी मदरशासमोर उभे राहून नुसते छायाचित्र काढून परतायचे, की ही भिंत अर्धी का आहे असा प्रश्न विचारायचा, हे त्यांच्या हाती आधी कोणते पुस्तक पडले होते त्यावर ठरेल. निकितिनच्या टिपणांची मराठी वाचकाशी ओळख, गावानच्या पत्रांचा परिचय, मुंतोजीची ओवी, अष्टूरच्या घुमटावरील रंगांचे चित्रण हे सारे सीमाभागातील प्रत्येक मराठी ग्रंथालयाच्या कपाटात एका जागी सापडायला हवे. शताब्दीच्या वर्षी आश्रयदात्यांना काही मागायचेच झाले, तर मागण्यासारखी वस्तू ही आहे.

अष्टूरच्या कबरीत आरसा धरणाऱ्या सेवकाची आठवण येथे पुन्हा करावीशी वाटते. तो स्वतः काही रंगवत नाही, काही लिहीतही नाही. बाहेरचे ऊन आत वळवतो आणि जे मुळातच तेथे आहे ते पाहणाऱ्याला दिसू लागते. शंभर वर्षे जे ग्रंथपाल, जे कार्यकर्ते आणि जे वर्गणीदार अशी संस्था चालवतात त्यांचे काम यापेक्षा वेगळे नाही. हात क्षणभर खाली गेला तर छत पुन्हा अंधारात जाते. म्हणून एकाचा हात दुखू लागला की दुसऱ्याने आरसा धरायचा असतो.